डॉक्टर पामफिल रविवारी कामावर आले

डॉक्टर पामफिल गेले तेव्हा त्यांचा शिक्का आम्ही तिघांच्या साक्षीने कापला. मॅनेजरची सेक्रेटरी, हिशेबनीस आणि मी. रबर ब्लेडने चार ठिकाणी चिरलं, तुकडे पाकिटात घातले, पाकिटाला लाख लावली आणि वर तिघांनी सह्या ठोकल्या. आमच्या रुमानियात डॉक्टरचा शिक्का म्हणजे खेळ नाही. त्याच्याशिवाय औषध मिळत नाही, रजा मिळत नाही, माणूस मेला तरी मेल्याचा दाखला मिळत नाही. पामफिल तो गळ्यात साखळीला बांधून फिरायचे. अंघोळीलासुद्धा काढत नाहीत, असं त्यांची बायको सांगायची.

पासवर्ड मात्र कीबोर्डखाली चिकटवलेला होता. त्यांच्या कुत्र्याचं नाव, ग्रिवेई, आणि पुढे कुत्र्याचं जन्मसाल. तो कोणी कापला नाही.

का नाही कापला, तेही सांगते. उगाच दुसऱ्यावर ढकलायची मला सवय नाही, म्हणजे तेव्हा होती, आता नाही. मी अग्लाया, आमच्या हॉस्पिटलच्या रक्त विभागात एकतीस वर्षं काढली. रक्तगट तपासायचा, पिशवी पेशंटशी जुळते का बघायची, निकाल कम्प्युटरात भरायचा. भरलेल्या निकालावर डॉक्टरने मान्यतेचं बटण दाबलं की तो पक्का. पामफिल गेल्यावर त्यांच्या जागी जिल्ह्याच्या गावाहून डॉक्टर वोइकू यायला लागले, तेही फक्त मंगळवारी आणि गुरुवारी. उरलेले दिवस लोकांनी रक्त सांडायचं थांबवायचं का? मग मी पामफिलांच्या नावाने आत जायची आणि बटण दाबायची. चौदा महिने मेलेला माणूस आमचे निकाल पक्के करत होता. वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर दुसरा डॉक्टर आणावा लागला असता.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी सकाळी त्यांच्या नावाने आत गेले. आमचा प्रोग्राम उघडला की वर एक ओळ येते, याआधी तुम्ही कधी आला होतात त्याची. शुक्रवार दुपार असायला हवी होती. ओळीत होतं, रविवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं.

रविवारी आमचा विभाग बंद असतो. मी स्वतः नऊ वाजून वीस मिनिटांनी चर्चमध्ये उभी होते, पाय दुखत होते म्हणून पक्कं आठवतं.

"व्हियोरिका, इकडे ये," मी विभागातल्या माझ्या सोबतिणीला हाक मारली. "आपले डॉक्टर काल कामावर आले होते."

तिने चष्मा लावून वाचलं आणि छातीवर क्रूस काढला. "जिवंतपणी कधी रविवारी आले नाहीत गं. तिकडे गेल्यावर सुधारले वाटतं."

"ओव्हरटाइम मागतील आता."

"मागू देत. मॅनेजर म्हणेल, अर्जावर शिक्का आणा."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग हसणं ओसरलं. साबीनला सांगावं असं मनात आलं. साबीन म्हणजे आमचा कम्प्युटरवाला, एकटा पोरगा, हॉस्पिटल, नगरपालिका आणि दोन शाळा त्याच्याच गळ्यात. पण त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी रोज मेलेल्या माणसाच्या नावाने आत जाते, आणि आज बघते तर आणखी कोणीतरी जातंय? पहिला प्रश्न माझ्याच अंगाशी आला असता. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

मग मी काय केलं माहीत आहे? संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन पामफिलांच्या नावाने मेणबत्ती लावली. पाद्रीबुवांना त्यांचं नाव लिहून दिलं, प्रार्थनेत वाचायला. आत्मा अस्वस्थ असेल म्हटलं. पुढचे दोन सोमवार ती ओळ नीट होती, शुक्रवार दुपार. मला वाटलं, मेणबत्ती पावली.

आता स्मारांडाबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यावर येऊन आदळलं.

स्मारांडा माझी धर्माची मुलगी. तिच्या लग्नात चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन मी तिच्या बाजूला उभी राहिले, म्हणून ती मला नाशा म्हणते. आमच्याकडे नाशाचं नातं रक्ताच्या नात्याहून तसूभर जास्तच. नवरा दारू पिऊन आला तर बायको आधी आईकडे जात नाही, नाशाकडे येते. स्मारांडाचा नवरा दोरू पीत नाही, ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस इटलीच्या रस्त्यांवर. पोरगी सासूबरोबर राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सहा वर्षांपूर्वी तिला पहिला मुलगा झाला तेव्हा खूप रक्त गेलं. आम्ही बाहेरचं रक्त दिलं आणि ती वाचली. पण नंतरच्या तपासणीत तिच्या रक्तात एक अँटीबॉडी तयार झालेली दिसली. म्हणजे असं की दुसऱ्याच्या रक्तात एक विशिष्ट खूण असेल तर तिच्या रक्ताचं त्याच्याशी वैर. अशा खुणा डझनावारी असतात. पामफिलांनी कोणती ती शोधली, कम्प्युटरात घातली, आणि एका निळ्या कार्डावर लिहून तिच्या हातात दिली. खाली सही आणि शिक्का.

ती कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "नाशा, हे कुठे ठेवू? हरवलं तर?"

"हरवलं तर हरवलं," मी म्हटलं. "सगळं कम्प्युटरात आहे. आणि मी आहे ना इथे बसलेली. तुला कार्ड कशाला लागतंय?"

हे माझे शब्द. मी ते विसरले होते. ती विसरली नव्हती.

फेब्रुवारीत तिला दुसऱ्या बाळाचा नववा महिना लागला. वार खाली सरकली होती, म्हणून ऑपरेशन ठरलं, आणि रक्त लागणार हेही ठरलंच. तारीख गुरुवारची. त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मी कोट अडकवून कम्प्युटर चालू केला. काळी पाटी आली, आणि तिच्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं. व्हियोरिकाच्या टेबलावर तेच. एक्स-रेत तेच, फार्मसीत तेच, नावनोंदणीच्या खिडकीत तेच. खिडकीबाहेर चाळीस म्हातारे ओल्या बुटांनी उभे होते आणि आत पोरगी रडत होती.

साबीन जिन्याखालच्या खोलीतून बाहेर आला. त्या खोलीत बादल्या, पोछे आणि हॉस्पिटलचं सगळं डोकं, म्हणजे मुख्य कम्प्युटर, एकत्र राहायचं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"कुलूप घातलंय, मावशी," तो मला म्हणाला. "कोणीतरी आत येऊन प्रत्येक फाइलला कुलूप घातलंय आणि किल्लीचे पैसे मागतंय."

"मग तुझी ती दुसरी प्रत? डिस्कवरची?"

"डिस्क जोडलेलीच होती. तिलाही घातलं." तो पायरीवर बसला. "रोज काढून कपाटात ठेवायची असते. चार वर्षं सांगतोय, एक माणूस द्या, एक नवीन मशीन द्या. त्यांनी दर्शनी भिंतीला संगमरवर लावला."

दुपारी मॅनेजरने सगळ्यांना सभागृहात गोळा केलं. गोरापान, गुबगुबीत माणूस, कायम नुकता न्हाव्याकडून आल्यासारखा. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, पेशंटना अवाक्षर सांगायचं नाही, विचारलं तर तांत्रिक काम चालू आहे म्हणायचं. घबराट झाली तर ज्याचं तोंड उघडलं त्याला घरी पाठवीन. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न होता. गेल्या काही आठवड्यांत कोणाला काही वेगळं दिसलं का?

व्हियोरिकाने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या बाईच्या अंबाड्यातल्या काट्याकडे बघत बसले. साबीन एकेकाचा चेहरा वाचत होता. माझ्यापाशी थांबला आणि पुढे गेला, कारण त्याच्या लेखी मी कीबोर्ड पुसण्यापलीकडे काही करत नव्हते.

मंगळवारी वोइकू आले. आम्ही सगळं हातावर आणलं. वह्या आखल्या, ट्यूबवर पेन्सिलीने नावं लिहिली. खरं सांगते, थोडं बरंच वाटलं, वीस वर्षांपूर्वीची मी पुन्हा हाताला लागल्यासारखी. तोवर स्मारांडाचं मला काही सुचलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी तिलाच आणलं. रात्रीपासून थोडं थोडं रक्त जायला लागलं होतं. बाळंतपणाच्या डॉक्टर नेगूराबाईंनी चिठ्ठी पाठवली, उद्या सकाळी ऑपरेशन, तीन पिशव्या तयार ठेवा. चिठ्ठीवरचं नाव मी दोनदा वाचलं. तिला काहीतरी होतं. अँटीबॉडी होती. पण कोणती? डोक्यात तीन नावं यायची, एक धरलं की दुसरं खरं वाटायचं. सहा वर्षांत हजारो ट्यूब हातातून गेल्या होत्या. मी कशाला लक्षात ठेवू? कम्प्युटर होता ना.

तिचं रक्त घ्यायला मी स्वतः वर गेले. खाटेवर पाय उंच करून पडली होती, केस विंचरलेले, उशीजवळ सफरचंद.

"नाशा, आल्यात तुम्ही," ती म्हणाली. "मग झालं. सासूबाई मघापासून भीती घालतायत मला. खिडकीवरच्या बायका म्हणत होत्या, कम्प्युटर बंद पडलेत."

"तांत्रिक काम चाललंय," मी म्हटलं.

"माझं ते जुनं, रक्ताचं, ते आहे ना तुमच्याकडे?"

शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन होती. दारात नर्स उभी होती. मी पट्टा आवळला, शीर शोधली, सुई घातली.

"आहे गं," मी म्हटलं. "तू कशाला काळजी करतेस?"

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. मी दोन ट्यूब भरून खाली आले. कार्डाचं मी विचारलं नाही. विचारायचं मनातही आलं नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. आलं होतं. पण मीच म्हटलेलं, हरवलं तर हरवलं. सहा वर्षं कोण सांभाळतंय? आणि विचारलं की तिला कळणार, नाशाकडे काही नाही. मग वॉर्डभर होणार. एक मिनिट सुई हातात होती तेवढ्यात हे सगळं डोक्यातून गेलं, आणि मी सुई काढून कापूस दाबला.

खाली येऊन हाताने तपासलं. अँटीबॉडी दिसली नाही. पुन्हा तपासलं, नाही. तिसऱ्यांदा व्हियोरिकाकडून करून घेतलं, नाही. हेच भीतीचं असतं. काही अँटीबॉडी वर्षा-दोन वर्षांत इतक्या कमी होतात की चाचणीत सापडत नाहीत. पण गेलेल्या नसतात. तेच रक्त पुन्हा आत आलं की आठवड्याभरात उठतात. म्हणून तर कुठेतरी लिहून ठेवायचं असतं.

जिल्ह्याच्या रक्तपेढीला फोन लावला. तिथली बाई माझ्या ओळखीची, आवाज खणखणीत.

"अग्लाया, नाव सांग आणि रक्त घे," ती म्हणाली. "ती खूण नसलेल्या तीन पिशव्या आत्ता गाडीत घालते, अडीच तासांत तुझ्या दारात. पण कोणती खूण?"

"तेच कळत नाहीये."

"मग मी काय पाठवू? सगळ्या खुणा नसलेलं रक्त देवाकडेही नाही. शोध काढ आणि फोन कर. मी आठपर्यंत आहे."

अडीच तास. रस्त्यावर बर्फ होता तरी अडीच तास.

तेव्हा मला पामफिलांची वही आठवली. वेगळ्या केसेस ते एका काळ्या वहीत लिहायचे, घरी घेऊन जायचे. मी कोट घातला आणि चिखलातून त्यांच्या घराकडे निघाले. त्यांची बायको लुक्रेत्सियाबाई, ऐंशीच्या घरातली, अजून काळ्या कपड्यांत. मला बघून तिने आधी कॉफी ठेवली. नाही म्हणून चालत नाही.

"वही?" ती म्हणाली. "अगं, कागद सगळे स्टोव्हमध्ये गेले पहिल्याच थंडीत. ते स्वतःच म्हणायचे, लुक्रेत्सिया, आता सगळं कम्प्युटरात असतं."

"त्यांचा घरचा कम्प्युटर? त्यात असेल काही?"

"तो दान दिला मी."

"दान?"

"वर्ष झालं तेव्हा. रीत आहे ना." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "आपण देतो ते त्यांना तिकडे मिळतं. कोट दिला, बूट दिले, टोपी दिली. मग म्हटलं, हा माणूस कम्प्युटरशिवाय दोन दिवस राहिला नाही, तिकडे काय करेल? ज्याने कबर खणली त्याला दिला. चालू करून दाखवलासुद्धा. हॉस्पिटलचं ते आपोआप उघडायचं, काही टाइप करायला लागायचं नाही. घरून काम करायचे ना ते, त्या साथीच्या काळात."

"त्या माणसाकडे आहे अजून?"

"छे. त्याने ख्रिसमसच्या आधी बाजारात विकला, जुन्या वस्तूंच्या. गरीब माणूस, त्याला काय करायचाय? दान दिलं की दिलं, मागे बघायचं नसतं."

मी कॉफी पीत राहिले. तोंडात गाळ येईपर्यंत प्यायले. ख्रिसमसच्या आधी विकला, जानेवारीत रविवारी नऊ वीस. म्हणजे ते डॉक्टर नव्हते. कुणीतरी जिवंत माणूस त्यांच्या दारातून आत आला होता, आणि ते दार मी चौदा महिने रोज उघडं ठेवलं होतं. आणि पाऊल दिसल्यावर मी मेणबत्ती लावली होती. साबीनला तेव्हा एक शब्द बोलले असते तर त्याने पाच मिनिटांत ते नाव बंद केलं असतं.

"रंग का उडाला तुझा?" लुक्रेत्सियाबाई म्हणाली. "तुझ्या स्वप्नात येतात का ते? माझ्या येत नाहीत."

हॉस्पिटलला परत जाताना मी स्मारांडाच्या गल्लीवरून गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता, सासू काहीतरी ढवळत होती. दार वाजवून कार्डाचं विचारायला हवं होतं. मी मनात म्हटलं, म्हातारीला कशाला घाबरवा, आणि पुढे चालू लागले.

आठ वाजून गेले. मी फोन केला नाही, कारण सांगायला नाव नव्हतं.

गुरुवारी सकाळी वोइकूंना गाठलं. तरुण आहेत, वाईट नाहीत, पण वागणं कडक इस्त्रीचं.

"डॉक्टर, हिला अँटीबॉडी होती. मला आठवतंय."

"कोणती?"

"ते नाही आठवत."

"कागद आहे का, अग्लायाबाई? सही-शिक्क्याचा?"

"नाही."

"चाचणी काय म्हणते?"

"काही नाही म्हणते."

त्यांनी डोळे चोळले. "वर बाईचं रक्त जातंय. पिशव्या जुळतायत. मी नेगूराबाईंना काय सांगू, की आमच्या असिस्टंटला काहीतरी आठवतंय? रक्त नाही दिलं तर ती दहा वाजता मरेल. दिलं तर कदाचित काहीच होणार नाही."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. मी जुळणीच्या वहीत नाव लिहिलं, सही केली. त्यांनी गळ्यातला शिक्का काढून उमटवला.

ऑपरेशन झालं. तिन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली, साडेतीन किलोची, आवाज दोन मजले खाली ऐकू येईल असा. दोरू इटलीहून न थांबता गाडी मारत आला आणि माझ्या गळ्यात पडला, मिशीला डिझेलचा वास. "नाशा, तुमच्या हातून झालं," म्हणाला. "हिचं नाव अग्लाया ठेवायचं, आधीच ठरलंय." सासूने सारमाले आणले, कोबीच्या पानात गुंडाळलेले, पातेलंभर. आम्ही विभागात उभ्यानेच खाल्ले. चौथ्या दिवशी स्मारांडा चालायला लागली. पाचव्या दिवशी घरी गेली. मला झोप लागली, त्या काळ्या पाटीनंतर पहिल्यांदा. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल, दुसऱ्याच कुणाची अँटीबॉडी असेल ती.

सातव्या दिवशी दुपारी दोरूने तिला हातांवर उचलून आणलं. डोळे पिवळे, हात पिवळे, अंगात थंडी. नर्सने लघवीची बाटली खाली पाठवली, ती काळ्या वाइनच्या रंगाची होती. मी तिचं रक्त घेतलं, ट्यूब फिरवली. वर पिवळसर पाणी यायला हवं तिथे लाल आलं. आत दिलेलं रक्त फुटत होतं. मी तीच चाचणी पुन्हा लावली, जी आठवड्यापूर्वी तीनदा गप्प बसली होती. आता भिंगही लागलं नाही. ट्यूबच्या तळाशी गुठळ्या स्वच्छ दिसत होत्या, अँटीबॉडी उठली होती.

कोणती खूण तेही कळलं. माझ्या तीन नावांतलं दुसरं.

संध्याकाळपर्यंत मूत्रपिंडं बंद पडली. तिला जिल्ह्याच्या गावी हलवलं, अँब्युलन्सला अडीच तास लागले. वोइकू माझ्या टेबलासमोर आले, जुळणीच्या वहीतलं आपल्या शिक्क्याचं पान उघडून बघितलं आणि निघून गेले. मग पोलीस आले, राजधानीतून दोन माणसं आली, सगळ्यांना एकेक करून प्रश्न. मला विचारलं, पामफिल यांचं नाव कोण वापरत होतं? मी म्हटलं, विभागात सगळेच वापरत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरेसं खरंही नव्हतं. त्याआधी काही वेगळं दिसलं होतं का? मी म्हटलं, नाही.

तीन आठवड्यांनी मी तिला भेटायला गेले. बसने, मांडीवर सुपाचा डबा धरून. एक दिवसाआड तिला मशीनला लावतात, रक्त बाहेर काढून धुतात आणि परत घालतात. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं परत चालू होतील, नाही तर नाही होणार. बारीक झाली होती. बाळ सासूकडे, बाटलीवर.

"या नाशा," ती म्हणाली. आवाज तोच. "बसा. दमलात तुम्ही."

मी बसले. डबा उघडला, बंद केला. बसमध्ये सगळं पाठ करून आले होते, रविवारपासून.

"तुम्हाला एक दाखवायचंय," ती म्हणाली, आणि उशीखालून काढलं. निळं कार्ड. कडा जराशा पिवळ्या, बाकी नव्यासारखं. तिचं नाव, त्या खुणेचं नाव, आणि खाली पामफिलांची सही, तिच्यावर गोल शिक्का, कापायच्या कितीतरी आधीचा.

"कुठे होतं?" मी विचारलं.

"घरीच की. मारियामातेच्या तसबिरीमागे, लग्नाच्या दाखल्याबरोबर. सासूबाई सगळं तिथेच ठेवतात." ती थोडी हसली. "त्या दिवशी निघताना मी हातात घेतलं होतं, माहितीये? पिशवीत टाकणार होते. मग म्हटलं, नाशा तर म्हणाल्या होत्या लागत नाही. आहेत ना त्या तिथे. परत ठेवलं."

मशीनचा आवाज येत होता. तिचं रक्त नळीतून जात होतं, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन नळ्या, एक जाणारी, एक येणारी. ती त्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"स्मारांडा," मी म्हटलं.

"काय?"

तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "हे आता तुमच्याकडेच राहू दे. माझ्याकडून हरवेल. तुमच्याकडे असलं की मला घोर नाही."

मी तोंड उघडलं. सगळं पाठ होतं, रविवार, मेणबत्ती, सुई, सासूच्या खिडकीतला दिवा.

"हो गं," मी म्हटलं. "ठेवते."